दोन अस्तरांमधली जागा

“आक्का, ही उशी काढ. हिच्यानंच जीव जायचा माझा.”

“जात नाही. वाक पुढं आणि घट्ट धर तिला.”

“तुझ्या सासरची दिसतीय. दगड भरलेत आत.”

मला सासर कधी नव्हतंच आणि शामूला ते चांगलं माहीत होतं. तीन शब्द झाले की थांबायचं, तोंड उघडून हवा ओढायची, मग पुढचे तीन शब्द, अशी त्याची गत. पण माझी टर उडवल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. शामू म्हणजे शमुवेल, माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि मी पंधराची. तेव्हापासून त्याची आई मीच, मास्तरीण मीच, आणि पाठीत धपाटा घालणारीही मीच.

मी, सुमती रणभिसे, मिरजेतल्या एका जुन्या दवाखान्यात छातीच्या वॉर्डाची मुख्य सिस्टर होते. सव्वीस वर्षं तोच वॉर्ड. नवे डॉक्टर मला भ्यायचे आणि जुने मला विचारायचे. या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. त्या रविवारी मी चर्चमधून परस्पर वॉर्डात आले होते, अंगावर चर्चची साडी तशीच. शामू खाटेच्या कडेला उशी कवटाळून वाकून बसला होता. त्याच्या पाठीशी डॉक्टर इनामदार नळी घालत होते आणि मी त्यांच्या हातात एकेक वस्तू देत होते. बाटलीत लालसर पाणी उतरायला लागलं. दीड लिटर निघालं. त्या आठवड्यातलं हे तिसरं.

पाणी निघालं तसा शामूचा चेहरा सैल पडला. “आता बरं वाटलं,” एवढं एका दमात म्हणाला आणि झोपला.

शामूनं अठरा वर्षं सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात पत्रे कापले. संध्याकाळी घरी यायचा तो पापण्यांपर्यंत पांढरा होऊन. त्याची पोरगी रूथ तेव्हा लहान होती. त्याच्या पाठीवरच्या धुळीत बोटानं स्वतःचं नाव लिहायची आणि खिदळायची. मीही हसायचे. छातीच्या वॉर्डाची सिस्टर असून हसायचे, काय म्हणावं या कर्माला! पंचेचाळिसाव्या वर्षी त्याला धाप लागायला लागली. तपासण्या झाल्या आणि निदान आलं, त्या धुळीनं होणारा छातीच्या अस्तराचा कॅन्सर. ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला. नेहमीची औषधं दिली, उपयोग झाला नाही. डॉक्टर इनामदार मला म्हणाले, “सिस्टर, तुम्हाला मी काय सांगू? सहा महिने.” रूथ दोन वर्षांची असतानाच शामूची बायको गेली होती. म्हणजे तो गेला की सतरा वर्षांच्या त्या पोरीला मी सोडून कुणी उरत नव्हतं.

मग पुण्याचं कळलं. तिथल्या एका संस्थेत याच रोगावर नवीन प्रयोग चालू होता. बाराच पेशंट घेणार होते, सहा झाले होते. मी ओळखी काढल्या, हातापाया पडले आणि शामूला घेऊन गेले.

तिथल्या डॉक्टर वैजयंती लिमये. बारीक अंगकाठीच्या, शांत. त्यांनी टेबलावरची एक प्लॅस्टिकची पिशवी उचलली आणि शामूपुढं धरली.

“फुप्फुसावर एक अस्तर असतं आणि बरगड्यांच्या आतून दुसरं. ही पिशवी बघा. दोन पदर, मधे जागा जवळजवळ नाहीच, पण पदर एकमेकांवर घसरतात.” त्यांनी बोटांत पिशवी चोळून दाखवली. “आम्ही औषध या मधल्या जागेत सोडतो. औषध म्हणजे एक विषाणू, पण त्याचा रोग काढून टाकलेला. त्याच्या पोटात आम्ही एक जीन घातलाय. विषाणू अस्तराच्या पेशींत शिरतो, जीन आत पोचवतो आणि मग ते अस्तरच गाठींशी लढायचं औषध स्वतः तयार करायला लागतं.”

“म्हणजे एका कारखान्यानं मारलं,” शामू म्हणाला, “आता छातीत दुसरा काढायचा.”

डॉक्टर हसल्या. “तसंच म्हणा.”

“ह्या कारखान्याला सुट्टी कधी?”

“सुट्टी नाही. म्हणूनच तर करतोय.”

मी विचारलं, “गुण येतो का?”

“खात्री नाही देणार. सहा जणांपैकी तिघांच्या गाठी वाढायच्या थांबल्या. एकाला दीड वर्ष झालं, शेतात काम करतोय. पण डोस एकदाच देता येतो. एकदा दिला की शरीर त्या विषाणूला ओळखतं आणि दुसऱ्या वेळी दारातच मारतं. काही लोकांना लहानपणीच त्याच जातीची सर्दी होऊन गेलेली असते, त्यांचं रक्त त्याला आधीपासून ओळखतं. त्यांना घेता येत नाही.”

शामूचं रक्त घेतलं. आठवड्यानं फोन आला, रक्त चालतंय, तेवीस तारखेला या, त्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा रक्त तपासू. त्या दिवशी मी वॉर्डात पेढे वाटले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. पाठोपाठ पुण्याचं पत्र आलं. त्यात एक ओळ होती, पाणी काढावे लागल्यास गरजेपुरतेच काढावे, त्यापलीकडे छातीत काहीही करण्यापूर्वी आम्हाला कळवावे. मी ती वाचली. मोठ्या संस्थांची पत्रं अशीच असतात, सगळ्यालाच कळवावे, कळवावे. पत्र फाइलला लावलं.

तर त्या रविवारी बारा तारीख होती. शामू झोपल्यावर डॉक्टर इनामदार माझ्याबरोबर बाहेर आले.

“बुधवारपर्यंत पुन्हा भरणार, सिस्टर.”

“बुधवार कशाला, मंगळवारीच भरेल. मी पावडर काढून ठेवलीय, सर.”

ही पावडर म्हणजे टाल्क, निर्जंतुक केलेली. सलाइनमध्ये कालवून नळीवाटे छातीत सोडायची. एकदा सोडली की पाणी पुन्हा भरत नाही. माझ्या वॉर्डाचा नियमच होता, तीनदा पाणी काढलं की चौथ्यांदा सुई नाही, पावडर. किती माणसांना मी त्या पावडरीनं शेवटचे महिने सुखाचे दिलेत, मोजलेले नाहीत. आजूबाजूच्या दवाखान्यांतल्या सिस्टर शिकायला यायच्या माझ्याकडं.

“पुण्याचं पत्र आहे ना?” डॉक्टर म्हणाले. “कळवा म्हणतात ते.”

“लावते फोन.”

व्हरांड्याच्या खिडकीशी उभं राहून मी फोन लावला. चार रिंगा झाल्या. आतून शामूच्या खोकल्याची उबळ ऐकू आली, असली की काळीज तुटावं. मी फोन बंद केला.

“उचलत नाहीत,” मी म्हणाले. “रविवार आहे. आणि उचलून तरी काय सांगणार? ते तिकडं पुण्यात, गुदमरतोय हा इथं. अकरा दिवस काढायचेत, सर. तेवीस तारखेपर्यंत हा राहायला तर पाहिजे!”

डॉक्टर इनामदारांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. मग म्हणाले, “भाऊ तुमचा आहे. तुम्ही म्हणाल तसं.”

“मी म्हणते, टाका.”

फोन ड्रॉवरमध्ये ठेवला, हात धुतले, हातमोजे चढवले. पावडर मीच कालवली, एक गुठळी राहू दिली नाही. डॉक्टरांनी सोडली. मग नळीला चिमटा लावून दोन तास दर पंधरा मिनिटांनी मी शामूला कूस बदलायला लावली. डावी, उजवी, पालथा, उताणा. औषध सगळीकडं सारखं लागायला हवं. दुसरी कुणी सिस्टर असती तर अर्ध्या तासात कंटाळली असती. मी एक पाळी चुकवली नाही.

“पोळतंय गं,” शामू दात आवळून म्हणाला.

“पोळणारच. सोस थोडं.”

“तू म्हणतीस तर सोसतो.”

सोमवारी ड्रॉवर उघडला तर फोनवर पुण्याचा नंबर दिसला. रविवारी माझ्या फोननंतर पाचच मिनिटांनी आलेला. म्हटलं, आता काम झालंय, तेवीसला भेटणारच आहोत, तेव्हा सांगू.

दोन दिवस शामूला ताप होता. तिसऱ्या दिवशी उतरला आणि माणूस बदलला. नळी काढली. एका दमात पूर्ण वाक्य बोलायला लागला. शुक्रवारी जिना चढून माझ्या क्वार्टरवर आला आणि रूथला म्हणाला, “मटण कर. आक्काच्या हातचं आजारी माणसाचं जेवण जेवून कंटाळलोय.” रविवारी चर्चमध्ये उभं राहून त्यानं अख्खं गाणं म्हटलं, एक कडवं गाळलं नाही. पास्टरबाईंनी माझा हात दाबला. मी अशी फुगले होते म्हणून सांगू! वाटलं, अर्धी लढाई मीच जिंकून दिली, उरलेली पुण्यानं जिंकावी.

तेवीस तारखेला सकाळी पुण्यात पोचलो. शामूचं पुन्हा रक्त घेतलं. मग त्याला सोनोग्राफीच्या खोलीत आडवं केलं. डॉक्टर लिमयेंनी छातीवर जेल लावली, यंत्र टेकवलं आणि पडद्याकडं पाहायला लागल्या. टेकवलं, पाहिलं. वर सरकवलं, पाहिलं. पाठीकडून, कुशीतून, काखेखालून. शामूला मोठा श्वास घ्यायला लावला. त्यानं घेतला, छान भरभरून. त्याला वाटलं डॉक्टर खूश होतील.

“आता बघा कसा श्वास येतोय,” तो म्हणाला. “आक्काची करामत.”

डॉक्टरांनी यंत्र खाली ठेवलं. “सिस्टर, जरा बाहेर येता?”

बाहेर व्हरांड्यात त्या माझ्याकडं वळल्या. आवाज चढलेला नव्हता.

“फुप्फुस कुठंही हलत नाहीये. पूर्ण चिकटलंय बरगड्यांना. पावडर टाकलीत?”

आणि तेव्हा, तिथं उभ्या उभ्या, मला ती प्लॅस्टिकची पिशवी दिसली.

तुम्ही म्हणाल, इतकं हातात धरून दाखवलेलं, बाई, तुला कळलं कसं नाही? मीही स्वतःला तेच विचारत आले. पावडर करते काय, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? दोन्ही अस्तरांना ती सोलवटून काढते आणि एकमेकांना चिकटवून टाकते. मधली जागाच उरत नाही, म्हणून पाणी भरत नाही. पण सव्वीस वर्षं ती जागा म्हणजे माझ्या लेखी वैरीण होती. पेशंटचा श्वास खाणारी. ती बुजवायची, एवढंच मला माहीत. त्याच जागेतून कधी औषध जाणार आहे, हे पुण्यात ऐकलं, मान डोलावली, आणि मिरजेत पोचेपर्यंत हात पुन्हा जुनेच झाले.

“पावडरच,” मी म्हणाले.

“पत्रात लिहिलं होतं, सिस्टर.”

“फोन केला होता. रविवारी.”

“हो, मी वरच्या मजल्यावर होते. पाच मिनिटांत उलटा केला. दोनदा.”

दोनदा केला होता. मी एकदाच पाहिला होता.

“दुसऱ्या बाजूनं?” मी विचारलं. “उजवीकडून सोडा. नाहीतर शिरेतून द्या. द्या की काहीतरी!”

“उजवीकडे रोग नाही. शिरेतून दिलं तर सगळं यकृतात जाऊन अडकतं, छातीपर्यंत पोचतच नाही. म्हणून तर या वाटेनं जायचं.”

“सोडवता नाही का येणार? ऑपरेशन करून?”

“तुम्ही स्वतः छातीच्या वॉर्डात आहात.” त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. “फार व्यवस्थित लागलीय. इतकं एकसारखं चिकटलेलं मी क्वचितच पाहिलंय.” मग म्हणाल्या, “आणि रक्त आत्ताच आलं. सातही जणांत सगळ्यांत स्वच्छ यांचंच आहे. विषाणूला विरोधाची नखाएवढीही खूण नाही. माझी फार आशा होती यांच्यावर. मी येऊ का त्यांना सांगायला?”

“नको,” मी म्हणाले. “भाऊ माझा आहे. मी सांगते.”

आत जायला सात-आठ पावलं असतील. मी ठरवलं होतं, जे झालं ते सांगायचं. त्यानं शिव्या घातल्या तर ऐकायच्या, तोंड फिरवलं तर तेही पाहायचं. आत गेले. शामू उठून बसला होता, छातीवरची जेल रुमालानं पुसत होता. माझ्याकडं पाहून हसला, आणि म्हणाला, “कधी सोडतायत औषध? मला आता काही भ्या वाटत नाही. तू आहेस ना.”

“शामू,” मी म्हणाले, “रक्त नापास झालं.”

माझं मलाच ऐकू आलं ते.

“सकाळचं?”

“हो. पहिल्या वेळी बरं आलं होतं. आज बिघडलेलं आलं. त्यांना देता येत नाही.”

त्यानं रुमालाची घडी घातली. मग शर्टाची बटणं लावायला लागला. एक बटण चुकीच्या काजात गेलं, ते मी नीट केलं.

परतीच्या गाडीत आम्हाला खिडकीची जागा मिळाली. जेजुरीच्या पुढं गेल्यावर शामू म्हणाला, “तुझे पेढे वाया गेले गं.”

“पेढ्यांचं काय घेऊन बसलास!”

“नाही, तू किती धावलीस. ओळखी काढल्यास. श्वास दिलास मला. आणि माझंच रक्त असं बेइमान निघावं.” त्यानं माझा हात हातात घेतला. “माफ कर, आक्का.”

तेव्हाही सांगता आलं असतं. डबा अर्धा रिकामा होता. मी खिडकीतून बाहेर पाहत राहिले आणि त्यानं माझा हात थोपटला. मी रडतेय ते त्याच्यासाठी, असंच त्याला वाटलं.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “रूथचं पण असंच असेल का?”

“वेडा आहेस का? असं काही नसतं.”

“मग कारखान्यात चारशे माणसं होती. धूळ सगळ्यांनीच खाल्ली. मीच कसा सापडलो? रोग पण मलाच आणि औषध पण मलाच लागू नाही. रक्तातच काहीतरी वाईट असणार.”

“तसं नसतं म्हणते ना मी!”

“तू माझी समजूत काढतीस,” तो म्हणाला.

शामू साडेचार महिने जगला. पाणी शेवटपर्यंत भरलं नाही. गाठी बरगड्यांतून बाहेर आल्या, मणक्यात गेल्या, दुखणं असं की मॉर्फिननंही हटायचं नाही. पण श्वास लागला नाही. शेवटच्या आठवड्यातसुद्धा तो सलग बोलू शकत होता, आणि त्या सगळ्या श्वासाचं त्यानं एकच केलं. रूथला जवळ बसवून पुन्हा पुन्हा सांगत राहिला. माझं रक्त वाईट आहे, पोरी, जप, तपासत राहा. आत्यालाच विचार, तिनं डोळ्यांनी कागद पाहिलाय. रूथ माझ्याकडं पाहायची. मी सलाइनचा थेंब कमी-जास्त करत बसायचे.

डॉक्टर इनामदारांना मी पुण्याहून आल्यावरच खरं सांगितलं होतं. ते म्हणाले, “पावडर मी सोडली, सिस्टर, तुम्ही नाही.” भला माणूस. तीन वर्षांनी तेही गेले. डॉक्टर लिमये परदेशी गेल्या असं ऐकलं. तेवीस तारखेचा तो डोस सांगलीच्या बाजूच्या एका बाईला मिळाला, तिचं पुढं काय झालं ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

रूथ आता एकतीस वर्षांची आहे. शाळेत शिकवते, माझ्याबरोबरच राहते. दर वर्षी जानेवारीत उपाशीपोटी जाऊन रक्ताच्या सगळ्या तपासण्या करून येते. रिपोर्ट मला दाखवते आणि मी चष्मा लावून वाचते. सगळं उत्तम असतं. गेल्या महिन्यात कोल्हापूरचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला, तोही शिक्षक. दोनदा येऊन गेला. रूथलाही आवडला होता, मला दिसत होतं. शनिवारी सकाळी आम्ही नाश्त्याला बसलो तेव्हा ती म्हणाली, “नाही म्हणून कळवलं मी, आत्या.”

“का गं? काय वाईट होतं त्याच्यात?”

“त्याच्यात काही नाही. त्याला मुलं हवीत. आणि मला पप्पांचं रक्त पुढं न्यायचं नाही. माझ्यापाशी संपू दे.”

“रिपोर्ट चांगले येतात ना तुझे?”

“पप्पांचाही पहिला चांगलाच आला होता.” ती उपम्यात चमचा फिरवत राहिली. तिचे डोळे भरले होते. “बाकी कुणी काही म्हणू दे. तुला तर माहीत आहे त्यांचं रक्त कसं होतं.”

माझ्याएवढं कुणालाच माहीत नाही. सातही जणांत सगळ्यांत स्वच्छ.

“खा,” मी म्हणाले. “गार होतंय.”